आमच्या वस्तीत कोणी खोकत नव्हतं

माझी बायको भागरथा गेली तेव्हा मी दवाखान्याच्या फाटकापाशी चहा घेत होतो. वॉर्डातली आया आली आणि म्हणाली, "बाबाजी, कप ठेवा खाली." एवढंच. मी कप ठेवला नाही, हातात धरूनच वर गेलो... भागरथेचं तोंड झाकलेलं होतं. नाकातली नळी काढून गुंडाळून ठेवली होती, दुसऱ्या कोणाच्या कामी येईल म्हणून. मरणाचा कागद इंग्रजीत होता. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही मराठीत, म्हणून नर्सबाईला विचारलं काय लिहिलं. ती म्हणाली, हृदय बंद पडलं. मी म्हटलं, "बाई, हृदय तर सगळ्यांचंच बंद पडते. ट्रकाखाली आलेल्याचंही पडते. हिचं काऊन पडलं ते लिहा." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "वय झालं होतं काकाजी." जिला मिलमध्ये म्हातारी म्हणून कधी कोणी अर्धा तास बसू दिलं नाही, ती मेल्यावर एकदम वयाची झाली.

भागरथा केशोरी गावाकडची. बापाच्या धानाच्या बांधीत रोवणा करत वाढली आणि लग्न होऊन आली ती गोंदियात, रेल्वेलाईन आणि राइस मिलच्या मधल्या आमच्या वस्तीत. मी मालधक्क्यावर हमाल, ती मिलच्या अंगणात उकडलेलं धान वाळावं म्हणून पायानं वरखाली करायची. मिलची भट्टी धानाच्या भुशावर चालते, आणि त्याची काळी राख आमच्या छपरांवर, भाताच्या ताटात, लेकरांच्या डोक्यात, सगळीकडे पडते. भागरथेकडे एक पांढरं लुगडं होतं, बुद्धपौर्णिमेला विहारात जायचं. ते ती बाहेर कधीच वाळू घालत नसे. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत खोलीत दोरी बांधलेली, लुगडं तिच्यावर, आणि आम्ही दिवसभर त्याच्याखालून वाकून जायचं. मी दारात पाय टाकला की आतून आवाज यायचा, "वाकून ये जी!" एकदा थेंब मानेवर पडला तसा मी चिडलो, "घर माझं आहे का लुगड्याचं?" ती म्हणाली, "लुगड्याचं. तुम्ही भाड्यानं राहाता."

आता मोजणीवाल्यांचं सांगतो. मोजणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. आमची जागा आमच्या नावावर नाही. नाल्यापलीकडच्या झोपड्यांच्या दारांवर मोजणीवाल्यांनी खडूच्या खुणा केल्या होत्या, पाठीमागून झोपड्या पाडायचं मशीन आलं. म्हणून आमच्या दारावर खूण झाली की माणसं गेल्याबरोबर मी ती ओल्या फडक्यानं पुसून टाकायचो. आणि आरोग्याची मोजणी म्हणजे तर आणखीच भीती. खोकला सांगितला की लोक टीबी समजतात, मिलचं फाटक बंद होते आणि घरच्या पोरीचं लग्न अडते. त्यामुळे वस्तीची एक रीतच पडली होती. गल्लीच्या तोंडाशी कोणी म्हणायचं, "मोजणीवाले आले," की ते शेवटच्या घरापर्यंत पोचायचं. बायका तोंडात पदर कोंबायच्या. खोकला आहे का? नाही. दम लागते का? नाही. चूल पेटवता? नाही बाई, गॅस आहे. ते लोक लाईन ओलांडून पलीकडे गेले की अख्खी गल्ली एकदम खोकायची, कोंबड्या उडायच्या.

मग ही प्रणाली आली. एका संस्थेची पोरगी, हातात मोबाइल, त्यात प्रश्न. मी खाटेवरून उठलो नाही. भागरथेनं तिला पाणी दिलं, बसायला पाट दिला, नाही-नाही म्हणत सगळी उत्तरं दिली, आणि मग विचारलं, "पोरी, आतापर्यंत लई आले, लिहून गेले. काय लिहिलं ते सांगाले एकही परत आला नाही. तू येशीन?" प्रणाली म्हणाली, "येईन मावशी." ती गेल्यावर मी म्हटलं, "येते बरं! दिवाळीचा फराळ घेऊन येते!"

पण ती आली. संध्याकाळी नळाला पाणी आलं होतं, सगळ्या बायका रांगेत. तिनं तिथंच उभं राहून मोबाइलमधून वाचलं, की या मोजणीप्रमाणे तुमच्या वस्तीत कोणी खोकत नाही, कोणाला दम लागत नाही. स्टेशनापलीकडच्या बंगल्यांत खोकणारे तुमच्याहून जास्त आहेत, म्हणून तपासणीची गाडी तिकडे जाते. मग भागरथा म्हणाली, "अगे माय, बिचारे बंगलेवाले! त्याइले इकडं राह्याले बोलवा नं, हवा बदलीन." बायका हसायला लागल्या. आणि आमच्याकडे हसणं म्हणजे... हसलं की खोकला येतेच. पहिले एकीला आला, मग दुसरीला, मग सगळी रांग वाकून खोकायला लागली. बादल्या भरून वाहत होत्या, नळ बंद करायला कोणाचा हात मोकळा नव्हता. भागरथा भिंतीला धरून उभी, डोळ्यांतून पाणी, अर्धं हसण्याचं अर्धं दमाचं. श्वास परत आला तसा म्हणाली, "लिही आता. पयले माह्यं नाव लिही."

घरी मी भांडलो. नाव कोण पाहीन, कायच्या कामी लावतीन, तुला काय माहीत? ती म्हणाली, "मले बी संशय येते जी. पण संशयानं दम कमी होते का?"

प्रणालीनं पुन्हा घरोघरी विचारलं, या खेपेला बायकांनी खरं सांगितलं. दम मोजायला फुंकायचं एक छोटं यंत्र आणलं होतं, भागरथा त्यात गाल फुगवून फुंकायची आणि काटा हलला नाही की यंत्रालाच शिव्या द्यायची. वस्तीच्या नकाशावर खोकणाऱ्या घरांचे ठिपके काढले, ते मिलच्या भिंतीकडे दाट होत गेले. बाजाराच्या दिवशी विहारापाशी तपासणीची गाडी यायला लागली, हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण भागरथेनं नाव दिल्याची गोष्ट मिलच्या मुनीमपर्यंतही गेली. त्यानं भागरथेला फाटकावरच सांगितलं, "बाई, खाँसी बीड़ी से होती है, मिल से नहीं." तिनं जन्मात बिडी ओढली नव्हती. तिला कामावर बोलावणं बंद झालं. मी म्हटलं, "पाह्यलं?" म्हणाली, "पाह्यलं. आता लुगडं धुवाले दिवसा टाइम भेटीन." मुनीमला कोणी सांगितलं, मला अजून माहीत नाही. प्रणालीला मी तोंडावर विचारलं. ती म्हणाली, नावं आम्ही कोणाला देत नाही. सगळे असंच म्हणतात.

भागरथेला आम्ही त्याच पांढऱ्या लुगड्यात नेलं. पहिल्यांदा ते लुगडं उघड्यावर इतका वेळ राहिलं.

काही आठवड्यांनी प्रणाली दारात उभी. म्हणाली, मावशी कशानं गेल्या ते विचारायचं आहे, दम कधीपासून होता, शेवटी काय काय झालं. मी दार अडवून उभा राहिलो. "कायले? मेलेल्याले गोळी देता का तुम्ही?" ती रडवेली झाली, पण हलली नाही. म्हणाली, "काकाजी, कागदावर हृदय लिहिलं आहे. तुम्ही नाही सांगितलं तर आमच्याकडेही तेच राहील. मग मिलच्या भिंतीजवळ दमानं कोणी मेलंच नाही, असं होईल."

मी तिच्या चपलांकडे पाहत राहिलो. हिला कोण पाठवते, हे सगळं कोण वाचते, उद्या माझ्या दारावर खडू येईल का... सगळं डोक्यात आलं. पण मी तोंड बंद ठेवलं तर आमच्या वस्तीत पुन्हा कोणी खोकत नाही असंच झालं नं? मग नळावर भागरथा हसली कायले?

मी बाजूला झालो आणि तोंडातून निघून गेलं, "वाकून ये." दोरी रिकामी होती. मला बोलल्यावर समजलं. पण प्रणाली आधीच मान वाकवून आत आली होती.

मी सगळं सांगितलं. आडवं झालं की भागरथेचा जीव घाबरायचा, म्हणून धानाच्या पोत्याला टेकून बसूनच झोपायची. शेवटी शेवटी "वाकून ये" एवढंही एका श्वासात होत नव्हतं, नुसता हात हलवायची. प्रणाली उठली तसं मी म्हटलं, "काय लिहिलं ते परत येऊन सांगावं लागीन." ती म्हणाली, येईन.

अजून आली नाही. येईल का? मला संशय आहे, तो जाणार नाही. तिनं जाताना दाराच्या चौकटीवर खडूनं खूण केली, ती मात्र मी पुसली नाही. तिला घर सापडलं पाहिजे. दोरी सोडायला शेजारीण आली होती, तिला मी परत पाठवलं. पाण्याला उठलो, दाराकडे गेलो, की मान खाली जाते... वर काही नाही, तरी जाते.