घोडीच्या गुडघ्यातलं पाणी

जनावरांच्या दवाखान्यात सगळे त्यांना थेंबकाका म्हणत. सांध्यातून सुईने काढलेलं पाणी तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली. काचेवर थेंब ठेवायचा आणि सुईच्या टोकाने वर ओढायचा. तार बोटभर लांबली तर सांधा ठणठणीत. लगेच तुटली तर आतून झिजू लागलेला. जनावर लंगडण्याआधीच काकांना कळायचं. “काका थेंबात कुंडली बघतात,” म्हणून कंपाउंडर चिडवायचा.

त्यांची मुलगी तिथेच डॉक्टर म्हणून लागली, तेव्हा काकांना आभाळ ठेंगणं झालं. पहिल्याच महिन्यात तिने एका घोडीच्या गुडघ्यातलं पाणी आणलं.

“लंगडत नाही, पण वळताना पाय जपते. बघ ना, बाबा.”

तार नखाएवढीही झाली नाही. नवख्या हातांनी सिरिंजमध्ये सलाइन राहून गेलं की नमुना असाच पातळ होतो. काकांनी तसले ढिगाने पाहिले होते.

“सिरिंज ओली राहिली गं तुझी.”

“कोरडी होती रे... मला वाटतं.”

“होतं सुरुवातीला. मी नाही कुणाला कळू देत.”

मुलगी ओशाळली. तिचं हसं नको म्हणून काकांनी लिहून टाकलं, ‘दोष नाही. आठवड्याने पुन्हा पाहावे.’

पाचव्या दिवशी उतारावर घोडीचा तोच गुडघा मोडला. शेवटचं इंजेक्शन मुलीनेच दिलं.

फ्रिजमध्ये नमुना उरला होता. काकांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. सांध्यातल्या झिजलेल्या कूर्चेचे बारीक कण तरंगत होते. ते काही सलाइनमधून येत नाहीत. पोरीने अचूक पकडलं होतं. नुसती विश्रांती मिळाली असती तरी घोडी वाचली असती.

काका तसेच उठून घोडीवाल्याकडे गेले. तो रिकाम्या तबेल्यात पेंढा गोळा करत होता.

“चूक माझी आहे,” काका म्हणाले. “डॉक्टरीणबाईंना बोल लावू नका.”

“त्या येऊन गेल्या की सकाळी. नमुना मीच बिघडवला म्हणाल्या. फार रडल्या हो. हे काम माझ्याच्याने होणार नाही, सोडते म्हणाल्या.”

“नाही हो! तिचं बरोबर होतं. सगळं बरोबर होतं.”

घोडीवाल्याने पेंढा खाली टाकला.

“मग हे मला काय सांगताय? त्यांना सांगितलंत?”

काकांनी नकारार्थी मान हलवली. पोरीकडे निघायला हवं होतं, पण पाय उचलेना.