क्लॅम्पवरचा पिवळा ठिपका

आधी नट आवळायचा, मग त्यावर पिवळ्या पेनाने ठिपका द्यायचा. चाकणच्या कंपनीत असेंब्ली लाइनवर बावीस वर्षं मी हेच करतोय. ठिपका म्हणजे काम झालं, पुन्हा बघायचं नाही. तो पेन घरी आणू नये, एवढी अक्कल मला नव्हती.

घरी जुनी टर्बो डिझेल गाडी आहे. पिंपळे सौदागरला सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिची सगळी डागडुजी मीच करतो, कारण दुसऱ्याच्या हातावर माझा विश्वास नाही. चालवायची मात्र बायको. चाळिशी ओलांडल्यावर शिकली आणि रोज निघोज्याला, तिच्या कंपनीत, गाडी नेऊ लागली. शिकवताना मी एक नियम घालून दिला होता: पोहोचल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, मिनिटभर चालू ठेवायचं, टर्बो निवायला हवा. ती गाडीत बसून साठ मोजायची.

उन्हाळ्यात टर्बोकडून इंजिनला हवा नेणारा रबरी पाइप चिरला. तो मी बदलला आणि आठवडाभरात गाडीची ताकदच गेली. चढावर काळा धूर सोडायची, रिक्षासुद्धा पुढे निघून जायची. एका सकाळी उड्डाणपुलाच्या चढावर मागे ट्रक हॉर्न मारत होता आणि गाडी काही केल्या ओढेना. बायको घामाघूम होऊन कामावर पोहोचली, तिथून तिने मला फोन केला. मी रात्रपाळी करून नुकताच पडलो होतो. वैतागून म्हणालो, "इंजिन लगेच बंद करत असशील. घालवलास टर्बो."

"अहो, रोज साठ मोजते मी."

"मोजत असशील. बघायला कोण होतं?"

लाइनवर आम्ही असंच बोलतो, ठिपका नसेल तर माणसाच्या शब्दाला किंमत नाही. दुसऱ्या दिवसापासून ती कंपनीच्या बसने जाऊ लागली. किल्ली दाराजवळच्या हुकाला अडकवली.

मग माझे गुरुवार गेले. आमच्याकडे सुट्टी गुरुवारची. एका गुरुवारी फिल्टर बदलला, एका गुरुवारी सेन्सर. कंबर धरली, नखांतलं काळं जाईना. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन, "भाऊ, हे पार्किंग आहे, गॅरेज नाही," असं ऐकवून गेले. शेवटी टर्बोच काढून आकुर्डीला एका जुन्या मिस्त्रीकडे नेला. त्याने फिरवून पाहिला आणि म्हणाला, "राव, ह्यो ठणठणीत हाय. उगा खोलला तुमी."

टर्बो परत बसवला, त्याच संध्याकाळी घरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. खरा दोष सापडला की सगळं एकदमच सांगू, अशी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे माफी मागायचं जिवावर आलं होतं.

गेल्या गुरुवारी बॉनेट उघडून स्टुलावर नुसता बसलो होतो. हात चालवायचीही इच्छा नव्हती, म्हणूनच बहुतेक दिसलं. नव्या पाइपाच्या खालच्या टोकाशी, जे टर्बो काढताना मी सोडवलंच नव्हतं, तिथे तेलकट ओल होती. पाइप आवळून धरणाऱ्या पट्टीवर, क्लॅम्पवर, माझाच पिवळा ठिपका. इतके गुरुवार माझी नजर त्या ठिपक्यावरून पुढे सरकत होती. बोट लावलं, तर क्लॅम्प गोल फिरला.

मग आठवलं. पाइप बदलला त्या दिवशी, हात आत गेलाच आहे तर ठिपका देऊन ठेवू, स्क्रू मागाहून आवळू, असं म्हटलं होतं. तेवढ्यात पाण्याचा टँकर आला म्हणून गाडी बाजूला घ्यावी लागली. परत आलो, ठिपका पाहिला, बॉनेट लावलं.

स्क्रू आवळायला अर्धं मिनिट लागलं. उड्डाणपुलावर नेली, गाडी पूर्वीसारखी ओढायला लागली. मला काही आनंद झाला नाही. पार्किंगमध्ये परत येऊन इंजिन चालू ठेवलं आणि साठ मोजले. फार वेळ लागतो हो साठ मोजायला. ती हे रोज करत होती.

वर गेलो. ती मेथी निवडत होती. म्हटलं, "तुझं काही चुकलं नव्हतं. क्लॅम्प मीच सैल ठेवला होता."

तिने मान वर केली नाही. "टर्बो चांगला आहे, हे कधी कळलं?"

"महिना झाला."

तिने आणखी दोन-चार काड्या निवडल्या. मग म्हणाली, "बसच बरी. तिथं साठ मोजावे लागत नाहीत."

सकाळी पावणेसातला ती बससाठी खाली उतरली. किल्ली हुकालाच होती.