फडावरचं प्रभुभोजन

जामखेडकडच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत एक नियम होता. कुणी सलग तीन महिने प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर नि द्राक्षरस, चुकवलं की त्याचा सभासदाचा हक्क जायचा. तो परत हवा असेल, तर भर उपासनेत उभं राहून ‘मला पुन्हा सामावून घ्या’ म्हणायचं. वडिलांच्या पिढीनं हा नियम केला तो फक्त नाताळाला नवे कपडे मिरवायला येणाऱ्यांसाठी. ते लोक केव्हाच सुटले. सापडली माझी धाकटी बहीण.

ती नि तिचा नवरा दिवाळीनंतर संगमनेरकडे ऊसतोडीला जायचे, ते हंगाम संपल्यावर परत. दर पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, रविवारी दोघं उभे. मी पंच कमिटीत; तिथल्या बाकावर माझा नुसता तिळपापड व्हायचा.

गेल्या वर्षी देवळातून, म्हणजे आमच्या चर्चमधून, घरी येताना ती म्हणाली, “ताई, पुढल्या साली मी उभी न्हाई राहनार. कोयता चालवला म्हंजी पाप केलं व्हय? जमत नसंल तर देवळात येतच न्हाई.”

ती बोलली की करते.

पावसाळ्यातल्या वार्षिक सभेत मी सुचवलं, की पाळकांनी उसाच्या फडावर जाऊन प्रभुभोजन द्यावं आणि ते देवळात घेतल्यासारखंच धरावं. सगळ्यांत वयस्कर पंच ताडकन म्हणाले, “परभूचं मेज म्हंजी च्याची टपरी हाय का, कुटंबी लावायला?” माणूस वाईट नाही. मेजावरचं पांढरं कापड ते दर वेळी स्वतः इस्त्री करतात, सुनेलाही हात लावू देत नाहीत. हक्काचा विषय राहिला बाजूला आणि प्रभूचं मेज नेमकं असतं कुठं, यावर दुपार गेली. मला तर मजाच वाटली. शेवटी आमचे तरुण पाळक हळूच म्हणाले, “पहिलं भोजन तरी कुठं देवळात झालं होतं? कुणाच्या तरी घरी, माडीवरच ना?”

म्हातारे पंच, आमचे म्हातारबा, म्हणाले, “कापड मळंल की उसात.”

सभा हसली, ठराव झाला.

थंडीत आम्ही जीपनं फडावर गेलो. म्हातारबा हट्टानं बरोबर आले. रिकाम्या बैलगाडीवर त्यांनीच कापड अंथरलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेला दगड ठेवले. बहिणीनं पदराला हात पुसून प्याला घेतला. पाचटाचे तुकडे उडून कापडावर बसत होते. म्हातारबांनी ते झटकलेही नाहीत.

यंदा पुनरुत्थानाच्या रविवारी पाळक सवयीनं “बाहेरून आलेल्यांनी उभं राहून...” म्हणाले, चपापले आणि त्यांनी सरळ गीत सांगितलं. मी मागं वळून पाहिलं. बहीण बसून होती.

बाहेर पडताना तिनं माझा दंड धरला. “ताई, ह्या दिवशी समद्यांची तोंडं आज पयल्यांदा बघितली. उभी असले की मला निस्ती फरशी दिसायची.”