थाळीवरचा ओरखडा
केबिन रोडवरून आणलेला स्टीलचा नवा डबा परवा उघडला आणि आतल्या पॉलिशच्या वासाने मला थेट स्टीलची भांडी बनवणाऱ्या त्या गाळ्यात नेऊन उभं केलं. तिथे मी थाळ्या तपासायची. भुशाने पुसलेल्या थाळीवरून अंगठा फिरवला की डोळ्याला न दिसणारा ओरखडाही मला कळायचा. गुडघे केव्हाच थकले होते, पण दहा वर्षं नोकरी भरल्याशिवाय पेन्शन नाही आणि माझे पाच महिने उरले होते. सुपरवायझरला हे पक्कं ठाऊक होतं. तरी म्हणाला, "मौसी, अब घर बैठो, पोते संभालो." मी हलले नाही, तेव्हा मी आपणहून सोडून जावं म्हणून त्याने मला तपासणीच्या टेबलावरून उठवून थाळ्या धुवायला गरम पाण्याच्या टाकीवर उभं केलं. पाय सुजायचे, हातांची सालपटं निघायची. मी दातओठ खात दिवस मोजले. दहा वर्षं भरली त्याच्या दुसऱ्याच दिवशी लग्नसराईचा मोठा माल निघायचा होता, आणि एक ओरखडा सापडला तरी माल मागवणारा व्यापारी अख्खा टेम्पो परत पाठवायचा. सुपरवायझर धावत आला, "मौसी, आज टेबल संभालो ना." मी बसले, पहिल्याच थाळीवरून अंगठा फिरवला आणि ती त्याच्या हातात दिली. "ओरखडा आहे. कुठे, ते आता तुम्हीच शोधा," असं म्हणून चपला घातल्या आणि निघाले. आता दरवर्षी हयातीच्या दाखल्यासाठी तोच अंगठा मशीनवर टेकवते, आणि जरा जास्तच जोरात दाबते.