विहिरीत टाकलेल्या बारा वाट्या

ती सकाळ मला आजही घड्याळाच्या काट्यांसह आठवते. मंगळवार, सव्वादहा. अमरावती जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी ठाणेदार होतो. खोलीत मी, ठाणे अंमलदार आणि एक महिला शिपाई. साठी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका आत आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"साहेब, मला अटक करा. मी विहिरीत विष टाकलं."

विहीर त्यांच्या घरामागची. तिच्यावर शेजारचा भाजीचा मळा पिकायचा. पालक, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं आमच्याच गावच्या बाजारात यायचं. आदल्या दिवशी आमच्या घरी आलेली पालकाची जुडी त्याच मळ्यातली होती.

"कसलं विष?"

"वाट्या टाकल्या. बारा."

बाईंना जुन्या काचेच्या लहान भांड्यांचा छंद होता. पूर्वी साहेब लोकांच्या टेबलावर प्रत्येकाच्या ताटाशेजारी मिठाची वेगळी वाटी असे. लिंबाची फोड मावेल एवढी. अशा बारा वाट्या त्यांनी अमरावती आणि अकोल्याच्या जुन्या बाजारांतून एकोणीस वर्षांत जमवल्या होत्या. त्यांनी मला नीट समजावलं: हातानं कापलेल्या काचेची नक्षी बोटाला टोचते. साच्यात दाबून केलेल्या काचेची नक्षी बोथट असते, आणि बाजूनं साच्याच्या जोडाची बारीक रेघ लागते.

तीन दिवसांपूर्वी त्यांना फोन आला होता. बोलणाऱ्यानं स्वतःला दिल्लीचा सरकारी अधिकारी म्हणवून घेतलं. "तुमच्या बारा वाट्यांपैकी चारमध्ये युरेनियम आहे. घरात ठेवणं गुन्हा आहे. सगळ्या डब्यात भरून अकोल्याच्या बसस्टँडवर आमच्या माणसाकडे द्या. नाहीतर घरावर धाड येईल." बाईंनी मोबाइलवर शोधलं. जुन्या काचेत युरेनियम घालत असत, हे खरं निघालं. मग त्यांचा धीरच सुटला.

पण वाट्या अकोल्याला नेल्या नाहीत. "एवढं विष एसटीत माणसांमध्ये घेऊन कशी बसू?" म्हणून त्याच दिवशी सकाळी त्यांनी वाट्यांची पोटली बांधून विहिरीत सोडली. खोल पाण्यात विष दबून राहील असं वाटलं. तासाभरानं मळ्याची मोटार सुरू झाली. तो आवाज ऐकून आपण काय करून बसलो ते त्यांना कळलं, आणि त्या तशाच ठाण्यात आल्या.

मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि दोन शिपाई पाठवले. हुकूम दिला: मोटार बंद करा, विहिरीजवळ कुणाला जाऊ देऊ नका, कारण सांगू नका. मग अमरावतीच्या एका कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना फोन लावला. ते तासावर होते. चाळीस मिनिटं मी टेबलावर मोबाइल ठेवून बसलो. अखेर ते बोलले, "ते काचेत मुरलेलं असतं. पाण्यात उतरलंच तर नगण्य. कुणालाही काही होणार नाही. जांभळ्या दिव्याखाली धरा, हिरवी चमकेल."

बाईंना आणि महिला शिपायाला घेऊन विहिरीवर पोचलो तर मळेवाल्यानं पालकाचे दोन वाफे उपटून टाकले होते. त्याची बायको नातीला छातीशी धरून बसली होती.

"मोटार बंद, पोलीस विहिरीवर, अन् सांगून कोणी नाही राह्यलं! मले वाटलं, फवारणीचं एंडरीन पडलं पाण्यात. गावाले काय चारू मी, साहेब?"

"या पोरीले याच पाण्यानं आंघोळ घातली सकाळी," बायको म्हणाली. "मरते का ते?"

मी नाही म्हटलं. तिनं विश्वास ठेवायला बराच वेळ घेतला.

गावातल्या एकानं बुडी मारून पोटली काढली. दोन पंचांसमोर मोजल्या. बारा, सगळ्या शाबूत. किराणा दुकानातून नोटा तपासायचा जांभळा दिवा आणून बाईंच्या घरातल्या अंधाऱ्या खोलीत धरला. चार वाट्या हिरव्यागार पेटल्या. महिला शिपाई दोन पावलं मागे सरकली. मीही सरकलो.

"हे मी आजच पाहतेय," बाई म्हणाल्या.

माझं पेन तिथंच थांबलं. मालकिणीला माहीत नसलेला आकडा फोनवाल्याला कसा कळला? छंदी लोकांच्या ग्रुपवर बाईंनी टाकलेल्या फोटोत बारा वाट्या दिसत होत्या, पण हिरवट दिसणाऱ्या सहा होत्या. चार हा आकडा दिव्याशिवाय कळणारा नव्हता.

"यांना दुसऱ्या कोणी हात लावला होता?"

"अकोल्याचे एक जुन्या वस्तूंचे व्यापारी महिन्यापूर्वी आले होते. मी दोनदा नाही म्हटलं विकायला. मी चहा घेऊन बाहेर आले तर ते खिडक्या लावून बसलेले. म्हणाले, ऊन लागतं."

फोनचं सिम भलत्याच्या नावावर होतं, टॉवर अकोल्याचा. व्यापाऱ्याला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"मी काहून फोन करू, साहेब? फोटो तर साऱ्या जगानं पाहिला."

मी म्हटलं, "असेल. बाईंनी घाबरून सगळ्या विहिरीत फेकल्या."

तो खुर्चीतून अर्धा उठला. "फुटल्या का?"

विहिरीचं पाणी कोण पितं, हे त्यानं विचारलं नाही. मी चारचा आकडा पुढे ठेवला, तेव्हा त्यानं पाणी मागितलं. पाऊण तासात त्यानं फोन कबूल केला आणि जबाब पूर्ण झाला. तोतयागिरीचा आणि धमकीचा गुन्हा नोंदवला. वाट्या कोर्टाच्या हुकमानं बाईंना परत मिळाल्या.

नोकरीत मी चाकू पाहिले, जमाव पाहिले. पण त्या चाळीस मिनिटांइतका क्वचितच घाबरलो असेन. प्राध्यापकांचा फोन येण्याआधी मी घरी फोन करून बायकोला सांगितलं होतं, "कालचा पालक फेकून दे, पाण्यात काहीतरी आहे." वाट्या आज सकाळी पडल्या, पालक कालचा, एवढाही हिशेब सुचला नाही. माझ्या घराला कारण कळलं. मळेवाल्याला कळू दिलं नाही. त्याचे वाफे त्या व्यापाऱ्यानं उपटवले नाहीत, माझ्या हुकमानं उपटवले. पुढे कुठेही बंदोबस्त लावला, तर तिथं राहणाऱ्याला आधी कारण सांगितलं.

नुकसान तीन हजार दोनशे निघालं. बाई पैसे घेऊन आल्या होत्या, मी त्यांना परत पाठवलं. सरकारी खर्चात बसणारी ही बाब नव्हती. मी खिशातून दिले. मळेवाल्यानं मोजले आणि दोनशे परत केले.

"दोन तास मोटार बंद होती नं साहेब. तेवढी लाइट वाचली माही."

तीन हजार त्याला पोचले.