वहीत लिहून दिलेला बांध

गेल्या होळीच्या सुमाराची गोष्ट. सहावीतली नात वही घेऊन माझ्याजवळ बसली. 'रिस्टोर' हा इंग्रजी शब्द घालून, आपण पुढं काय करणार याचं वाक्य तिला लिहायचं होतं.

"रिस्टोर म्हंजे काय गं?"

"बिघडलेलं पयल्यावानी करणं, आबा. सांगा की एखादं."

मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस. तरी येत नाही म्हणणं माझ्या जिभेला जमत नाही. म्हणालो, "लिही, मी बांध पयल्यावानी करीन."

तोंडातून बांधच का निघाला, ते मला ठाऊक होतं. धाकट्या भावाच्या आणि माझ्या रानामधला बांध मी दर साली नांगरताना थोडा थोडा कोरत आलो होतो. वडिलांनी रोवलेला खुणेचा दगडही एकदा उपटून त्याच्या अंगाला सरकवला. भावानं विचारलं, तर सोनपेठच्या बाजारात चार माणसांत त्यालाच खोटं पाडलं. तेव्हापासून बोलणं बंद.

नातीनं लिहिलं, 'आय विल रिस्टोर द बांध.' बांधाला इंग्रजी तिलाही आलं नाही. वर्गात तिनं ते मोठ्यानं वाचलं. भावाची नात त्याच वर्गात.

तिसऱ्या दिवशी भाऊ ओट्याखाली येऊन उभा राहिला. वर चढला नाही.

"दादा, बांध नीट करणार म्हणं तुमी. का इंग्रजीतला शब्द मराठीत चालत न्हाई?"

अंगाची लाही झाली. पोरीनं मनानंच लिहिलं, एवढं म्हणालो असतो तर सुटलो असतो. पण पोर दारातच होती, माझ्या तोंडाकडं बघत.

"मीच सांगितलंय. ज्वारी निघू दे."

ज्वारी निघाली. दोघंच गेलो. भावानं बांधाच्या टोकाच्या बोरीच्या झाडापाशी दोरीचं एक टोक धरलं, दुसरं माझ्या हातात. दगडाची जुनी जागा माझ्याशिवाय कुणाला नक्की ठाऊक नव्हती. मी माझ्या रानाच्या अंगाला पावलं मोजत सरकलो, थांबलो, पहार मारली. खऱ्या जागेच्या हातभर अलीकडं. मुद्दाम. इतक्या वर्षांची खोड.

भावानं नुसती दोरी ताणून धरली. भांडला असता, तर मी दगड तिथंच बसवला असता.

पहार उपटली. हातभर पुढं गेलो. "हितं," म्हणालो, आणि सरकवलेल्या दगडापाशी परत आलो.

भाऊ दोरी टाकून आला आणि दगडाच्या दुसऱ्या अंगाला वाकला. तोच दगड मी एकदा एकट्यानं उचलला होता. आता दोघं लागलो.