हेर माउते यांचा डावा कान

दर सोमवारी सकाळी माझ्या टपालपेटीत हेर माउते, म्हणजे श्रीयुत माउते, यांची चिठ्ठी पडायची. चौकडीचा कागद, पट्टी लावून फाडलेला. 'मंगळवार, दुपारी १.१० ते २.५०, तळघरातून गुणगुण. बुधवार, १.०० ते ३.००, तीच. शनिवार, दिवसभर, वर शिट्टीही.' खाली पूर्ण सही: गोटहिल्फ माउते, तळमजला, डावीकडे. जसं काही तेवीस वर्षं त्यांच्या डोक्यावर राहून मला ठाऊकच नव्हतं, डावीकडे कोण राहतं ते!

त्या चिठ्ठ्या मी स्वयंपाकघरात चुंबकाने लावायचे आणि कॉफीला आलेल्या बायकांना माउत्यांच्या आवाजात वाचून दाखवायचे. हुबेहूब जमायचं मला. बायका पोट धरून हसायच्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी माझी बाजू घ्यायला नको.

चाळीस वर्षं हा माणूस आमच्या टाइलफिंगेन गावच्या होजिअरी गिरणीत होता, बनियनं विणणाऱ्या गोल यंत्रांवर. एका हॉलमध्ये छत्तीस यंत्रं. तिथल्या बायका ओठांवरूनच एकमेकींचं बोलणं ओळखायच्या; तिथेच काम करणारी माझी आई तर घरीसुद्धा तोंड फाकवून बोलायची. माउते तिथले फोरमन. दारात उभं राहून म्हणायचे, "अकरा नंबरची सुई मोडलीय," आणि अकराचीच मोडलेली असायची. कानात बोळे कधी घातले नाहीत. बोळे घातले तर सुई कशी ऐकू येणार? मग गिरणी बंद पडली, यंत्रं विकली गेली, त्या हॉलमध्ये आता सोफे मांडलेत. आणि एका दुपारी जेवताना, घास चावता चावता, माउत्यांच्या डाव्या कानात काहीतरी सुरू झालं. ते थांबलंच नाही.

नुसता आवाज असता तर एक वेळ. पण कान आतून कापूस कोंबल्यासारखा, डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं. जिन्यात मान वळवली की पायऱ्या सरकायच्या, म्हणून दोन्ही हातांनी कठडा धरून उतरायचे. माणसाचं बोलणं त्यांना धड ऐकू येईना, पण बशीत चमचा पडला की सुरी खुपसल्यासारखं व्हायचं. त्यांची बायको एल्फ्रीडे लाकडी चमच्याने कॉफी ढवळायला शिकल्या. चर्चच्या गायकमंडळात माउते तीस वर्षं खर्जात गायले होते, तेही सुटलं. बाहेरचा सूर आतल्या सुराशी भांडतो, म्हणाले.

कानाच्या डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवून बटणं दाबायला लावली, दहा दिवस सलाइन चढवलं आणि शेवटी सांगितलं, "टिनिटस आहे, कानातल्या कानात वाजणारा आवाज. सवय करून घ्या." माउते तिथून आले ते थेट माझ्या दारात.

"फ्राउ आमान, तळघरातला तो डीप फ्रीझर तुमचाच ना?"

"माझाच. का हो, आइस्क्रीम हवंय?"

"तो वाजतो."

"लग्नातला आहे तो, हेर माउते. नवराही लग्नातलाच, तोही वाजतो. दोघांपैकी कुणालाच मी टाकलेलं नाही."

"थट्टा पुरे. कान माझा असला तरी आवाज तुमचा आहे. डॉक्टर भलतीकडेच शोधतायत."

मागून एल्फ्रीडे त्यांच्या कोटाची कॉलर नीट करत म्हणाल्या, "मलाही येतो हो ऐकू. दुपारी तर फारच."

तेव्हापासून तीन वर्षं चिठ्ठ्या. मी फ्रीझरखाली रबर घातलं. चिठ्ठी आली. वर जुना गालिचा टाकला. चिठ्ठी आली. दुपारी एक ते तीन आमच्या इमारतीत शांततेची वेळ असते. त्या वेळात माझ्या हातून झाकण पडलं की खालून छताला झाडूचा दांडा: ठक, ठक, ठक. तीनच. चौथा ठोका मारणं त्यांच्या संस्कारात बसत नसावं.

वरच्या मजल्यावरचे गोन्झर, निवृत्त पोस्टमन, मला म्हणायचे, "फ्राउ आमान, एकदा त्या धुडाचा गळाच दाबा. बघू तरी मग काय लिहितो बाबा!"

हे माझ्या डोक्यात घट्ट बसलं.

ऑक्टोबरात फ्रीझर रिकामा करून बर्फ काढायचाच असतो. मंगळवारी मी प्लग काढला, आतलं सगळं बहिणीकडे नेलं, आतून पुसून झाकण लावलं, वर गालिचा टाकला. माउत्यांना एक शब्द बोलले नाही. फक्त गोन्झरना सांगितलं, म्हणजे अर्ध्या गल्लीला सांगितलं. सोमवारी चिठ्ठी आली: 'बुधवार ते शनिवार, नेहमीपेक्षा जोरात.' जिन्यात गोन्झर आणि मी एकमेकांना धरून हसलो.

पुढच्या शनिवारी अंगणात नवी वाइन आणि कांद्याचा गरम केक होता, दरवर्षीसारखा. जिना आणि तळघर पुसायची पाळी माउत्यांची, पाळीची पाटी त्यांच्याच दाराला. हातात ग्लास घेऊन मी सात-आठ जणांना तळघरात उतरवलं. माउते फ्रीझर ठेवलेल्या माझ्या कोठडीसमोरची फरशी पुसत होते. केकचं ताट घेऊन एल्फ्रीडेही मागोमाग आल्या.

"काय हेर माउते, कसा आहे आज माझा दुसरा नवरा?"

"वाईट," ते म्हणाले. "सकाळपासून थांबलेला नाही. इथे उभं राहिलं की सरळ डोक्यात घुसतो."

"आत्ता? या घटकेला?"

"तुम्ही बहिऱ्या आहात का, फ्राउ आमान?"

गोन्झर ग्लासातच खोकले. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मंडळी बघत होती, आणि मंडळी बघत असली की मला आवरत नाही. मी एल्फ्रीडेंकडे वळले. "आणि तुम्हाला? तुम्हालाही येतोय?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "येतोय तर. चांगलाच."

मी गालिच्याखालून वायर ओढली आणि शेपटीला धरलेल्या उंदरासारखा प्लग वर धरला. "अकरा दिवस झाले!"

सगळे हसले. माउतेही हसल्यासारखं काहीतरी करू लागले, सभ्य माणूस. मग त्यांनी झाकणावर तळहात ठेवला, गिरणीत यंत्रांवर ठेवत असतील तसा. बराच वेळ ठेवला. मग झाकण उचललं. आत माझं पुसायचं फडकं पडलं होतं, बाकी काही नाही.

"एल्फ्रीडे, तुला येतोय ना?"

ताटातला केक एका बाजूला घसरायला लागला होता.

"एल्फ्रीडे."

"नाही, गोटहिल्फ."

"आज नाही?"

"कधीच नाही."

गोन्झर तेवढे अजून हसत होते. त्यांना उशिरा कळतं.

माउत्यांनी फडकं पिळलं, राहिलेला कोपरा पुसला, बादली उचलली. वर जाऊन आपल्या दाराची पाटी काढली आणि रीतीप्रमाणे पुढच्या पाळीवाल्याच्या, म्हणजे माझ्याच, दाराला लावली. कठडा धरून खाली आले आणि दार लावून घेतलं.

त्या आठवड्यात एल्फ्रीडे मला कचऱ्याच्या डब्यांपाशी भेटल्या. मी माफीचं काहीतरी पुटपुटायला लागले.

"राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांकडून निघालो तेव्हा गाडीत तो म्हणाला, हे माझ्या आतच असेल तर मला जमायचं नाही. घरी आलो, तर तळघरात तुमचा फ्रीझर वाजत होता. त्याला त्यात काहीतरी सापडलं. मग मलाही ऐकू यायला लागलं. तुमच्याशी भांडायचं म्हणून तरी तो सकाळी उठायचा, दाढी करायचा."

"आणि आता?"

"आता चमचा पडला तरी बोलत नाही. मुठी आवळून बसतो. मी काही म्हटलं, तर खरं का, असं बघतो माझ्याकडे. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा."

मी फ्रीझर सुरू केला होता, रबर आणि गालिचा फेकून दिला होता. सोमवारी टपालपेटीत सोफ्यांची जाहिरात तेवढी होती. तिसऱ्या सोमवारी मीच त्यांच्या दारात गेले.

"हेर माउते, फ्रीझर परत बोंबलतोय. ऐकू येत नाही का तुम्हाला?"

दाढी वाढलेली, एक हात चौकटीला टेकलेला. "तो तुमचा आहे, फ्राउ आमान. खर्जातला. माझा बारीक आहे, वरच्या पट्टीतला. सुया ओळखणाऱ्याला एवढं कळायला हवं होतं." मग दाराची मूठ धरत म्हणाले, "कळत होतं."

दार त्यांनी हलकेच लावलं, आवाज होऊ नये म्हणून.

एकदा दुपारी दीड वाजता मी मुद्दाम बिडाचं पातेलं ओट्यावरून खाली सोडलं आणि कान देऊन उभी राहिले. खालून ठोका आला नाही. मग लक्षात आलं, खाली त्यांच्या डोक्यात सुरी गेली असेल आणि ते मुठी आवळून बसले असतील. त्यानंतर पातेलं सोडलेलं नाही. एक ते तीन मी जाड मोजे घालून वावरते, कॉफीत लाकडी चमचा घालते. त्या वेळी इमारतीत इतकं सामसूम असतं, की दोन मजले खालून माझ्या फ्रीझरची गुणगुण येते. खरंच येते. एकदा हे सांगायला मी खाली गेले होते. त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. आता माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?